पाठ बघून घेतलेलं मशीन

आबा, तुम्ही ज्याला डबडं म्हणायचात ते मी घरात आणलं आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, जिथे आधी माझा पलंग होता, तिथे ते उभं आहे आणि माझ्या डोक्याच्याही वर जातं. तुम्ही असता तर उंबऱ्यातूनच मागे फिरला असता, चहासुद्धा घेतला नसता. तरी सांगते, मला फार आनंद झाला आहे, आणि घरात सांगायला गेले तर सगळे हसतात, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. माझं शिकणं तुम्हाला ठाऊकच आहे. शाळा हिंदी, ती पण चौथीत सुटली, आणि मराठी तुम्ही फळीवर पेन्सिलीने गिरवून घेतलीत तेवढीच. तेव्हा वेलांट्या बघू नका. सूनबाई आत्ताच विचारून गेली, आई, एवढं कुणाला लिहिताय. मी म्हटलं, माहेरी. ती गॅस बारीक करून शाळेत शिकवायला गेली.

डबडं म्हणजे ते व्हिडिओ गेमचं मशीन. धारला तुमच्या कारखान्यासमोरच्या गाळ्यात होती तसलं. कपाटाएवढं खोकं, वर काच, काचेत चित्रं पळतात, आणि पोटाच्या उंचीवर एक फळी, तिच्यात एक दांडी आणि बटणं. सुट्टीत मी मुलाला घेऊन तुमच्याकडे यायची तेव्हा तो सकाळपासून तिकडेच असायचा. मला आजही दिसतं. तुम्ही सागाच्या चौकटीवर रंधा मारताय, मिशीत भुसा अडकलाय, पण लक्ष चौकटीवर नाही, रस्त्यापलीकडे आहे. मी आत पोळ्या लाटते आहे. रंधा थांबतो. तुमचा रंधा असा मधेच थांबला की आम्ही सगळे श्वास धरून बसायचो. तुम्ही तसेच उठता, रस्ता ओलांडता, त्या पोरांच्या घोळक्यातून नेमका आपला कान शोधून काढता आणि तो धरून पोराला घरी आणता. गाळेवाल्याला म्हणता, "पोरांची बोटं नासवतोस." तो तेव्हा नवा होता, कोवळा होता, म्हणाला, "दादाजी, मैं कहाँ बुलाता हूँ, ये खुद आते हैं." तुम्ही त्याच्याकडे बघितलं पण नाही. मग जेवताना मुलाचा कान लाल, आणि तुम्ही स्वतः उठून त्याच्या ताटात तूप वाढताय, तेही दिसतं.

तर त्याच मुलाचं सांगायचं आहे. तुमचा नातू आता पन्नाशीला आला. इथे देवासला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, मोठमोठ्या मोटरी उघडून परत बसवणारा. यंदा होळीच्या आधी एका सकाळी दात घासताना त्याच्या हातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला आणि तिथेच बसला. लकवा. पाय परत आला, बोलणं परत आलं, उजवा हात पुरा आला नाही. म्हणजे हलतो, आबा, पण बोटं त्याचं ऐकत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की जे काय आहे ते ह्याच वर्षात आहे. हात जितका वापरेल तितका परत येईल, नाही वापरला तर असाच राहील. आणि हा तर हात कुडत्याच्या खिशातच ठेवायचा. दिवसभर, जसं काही कुठून चोरून आणलाय. व्यायामाला रबराचा चेंडू दिला होता, तो मला तुळशीच्या कुंडीत सापडला. एकदा जेवताना मी म्हटलं, उजव्याने एक घास तरी घेऊन बघ. तो ताट सरकवून उठला. "आई, मी काय बाळ आहे?" तेव्हापासून घरात हाताचं नाव कोणी काढेना. आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो आणि भाजीचं बोलायचो. आणि महिने तर जात होते, ते कुणासाठी थांबतात.

नात माझी इंदूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, शनिवारी घरी येते. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण रागाचं नाक तुमचंच घेऊन आली आहे. हे सगळं तिच्या डोक्यातून निघालं. म्हणाली, आजी, एखादं जुनं गेमचं मशीन आणू, त्याच्या आतलं सगळं काढून टाकू आणि साबणाच्या वडीएवढा एक कॉम्प्युटर बसवू, त्यात पप्पांच्या लहानपणीचे सगळे गेम मावतात. मी म्हटलं, मग टीव्हीलाच लाव की, एवढं कपाट कशाला. तर म्हणते, "टीव्हीसमोर पप्पा डाव्या हातात रिमोट घेऊन आडवे होतील. इसके सामने खडा होना पडता है, आजी. आणि दांडी मुठीत धरावी लागते. व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, आधी मूठ, बोटं मग." अडचण एवढीच होती की असल्या मशीनांना दांडी डावीकडे असते आणि बटणं उजवीकडे. आम्हाला उलटं हवं होतं. दांडी उजव्या हाताला आली तर काम, नाही तर सगळं फुकट.

कॉम्प्युटरमधलं मला काय कळणार. पण खोकं घ्यायचं आहे म्हटल्यावर मी म्हटलं, मी येणार. सुताराची मुलगी घरात असताना खोकं दुसऱ्या कुणी निवडायचं म्हणजे काय.

शोधता शोधता कळलं की धारचा तो गाळेवाला अजून आहे. आता मोबाइलची कव्हरं विकतो, पण मागच्या गोदामात दोन मशीनं पडली आहेत. रविवारी एक लोडिंग गाडी ठरवली. मुलाला घरी एकटं ठेवायचं नव्हतं, सूनबाईची परीक्षेची ड्यूटी होती. तो म्हणाला, "मी येईन, पण गाडीतून उतरणार नाही." नात म्हणाली, "नका उतरू, रस्ता दाखवा." इंदूरवरून सरळ सडक आहे, दाखवायचं काय त्यात, पण तो पुढे बसला. वाटेत ड्रायव्हर बिचारा सारखा गाणी लावू का विचारत होता.

गाळेवाल्याचे केस पांढरे झालेत, आबा, पोट आलंय. मी ओळख सांगितली तर तो पाया पडला. "माँजी, दादाजी से तो पूरी गली डरती थी." मग गाडीकडे बघून म्हणाला, "और ये भिया वो ही है क्या, कान वाला?" मी हसले, पण गाडीत माझ्या मुलाने मान दुसरीकडे फिरवली. गाळेवाला तेवढ्यात घाईला आला. म्हणे इंदूरहून कॅफेवाला एक जण मशीन बघायला निघालाय, शोभेला ठेवायचं आहे त्याला, फोन येऊन गेला. "आप घर के हो, पहले आप देख लो. पर वो आ गया तो मैं रोक नहीं पाऊँगा."

गोदामात दोन मशीनं शेजारी शेजारी उभी होती. एक देखणं. अंगावर लाल-पिवळी चित्रं, पत्र्याची चकचकीत फळी, दांडीला लाल गोटी. दुसरं म्हणजे नुसतं काळपट तपकिरी कपाट, अंगावर काही नाही. त्याने वायर लावून दोन्ही चालू करून दाखवली. देखण्याची काच लगेच उजळली, रंग कसे अगदी नवे. दुसऱ्याच्या काचेत मधोमध एक पांढरी रेघ आली आणि तेवढीच राहिली. नात तर पहिल्याच्या समोरून हलेना. तिने त्याच्या अंगावरून हात फिरवला, फोटो काढले, म्हणाली, "आजी, बस, यही है. हे बघून पप्पांना उभं राहावंसं वाटेल." तिचं काही चुकीचं नव्हतं. समोरून बघणाऱ्या कुणीही तेच घेतलं असतं.

पण तुम्ही मला समोरून बघू दिलंत कधी. आठवतं, माझ्या लग्नाचं कपाट घ्यायला मला दुकानात नेलं होतंत, मी आरशात बघत राहिले तर म्हणालात, आरसा काय बघतेस, मागे जा. म्हणून मी मागे गेले. कंबर धरून वाकले. देखण्याची बाजू दाबलेल्या भुशाच्या फळीची होती आणि खाली, जिथे पावसाळ्यात गोदामात ओल येते, तिथे ती फुगून पोळीसारखी झाली होती. नखाने खरवडलं तर भुसा हातात आला. असल्या फळीत एकदा मारलेला स्क्रू काढला की दुसऱ्यांदा तिथे धरत नाही, आणि आम्हाला तर सगळंच काढून परत बसवायचं होतं. मग दुसऱ्याच्या मागे गेले. ते सागाचं होतं, आबा. चारही उभे सागाचे, बाजूंना जुनं जाड प्लाय, आणि खिळे असे, की कपाटात कोणी मारत नाही. गाळेवाला म्हणाला, धरमपुरीला नर्मदेवर नावा बनवणाऱ्या एका मिस्त्रीने केलंय, जत्रेत चालायचं. खरं सांगते, मी तुमची खूण शोधत होते. खालच्या पट्टीवर, डाव्या कोपऱ्यात, तुम्ही जिथे पटाशीने घालायचात तिथे. नव्हती. तुम्ही असली ओबडधोबड जोडणी केली पण नसती. पण तो माणूस नदीवर माणसं तरंगवणारा होता, त्याने खोकं पण बुडणार नाही असंच केलं होतं.

एकच भीती होती. मागच्या बाजूने वर चढलेली मातीची बारीक नळी. वाळवी. मी केसातला आकडा काढला आणि नळी फोडली. कोरडी होती, आत काही नव्हतं. तरी मी खाली, वर, कोपऱ्यात, जिथे जाईल तिथे आकडा खुपसत गेले, आणि तो कुठेच आत गेला नाही. मला कळलं, किडे आले होते आणि सागाला हात न लावता निघून गेले. मी म्हटलं, "हे घ्यायचं."

नात माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, ये? हे तर बंदही आहे."

"काच तुला काढून टाकायचीच आहे ना."

"हो, पण दिसायला बघ ना. पप्पा ह्याच्यासमोर उभे राहतील? किसी के घर की अलमारी लग रही है."

"अलमारीच हवी आहे. ते दुसरं आपल्या घरी पोचेपर्यंत विरघळेल."

"तुला गेममधलं काय कळतं?"

"गेममधलं नाही कळत. भुशातलं कळतं."

गाळेवाल्याचा फोन वाजला. तो बाहेर जाऊन बोलला, परत आला. "वो बेटमा छोड़ चुका है, माँजी." म्हणजे अर्धी वाट संपली होती. नात चिडून त्या तपकिरी मशीनच्या मागे आली, मागचं झाकण उघडंच होतं, म्हणाली, "नवा टीव्ही आत मावतो की नाही ते तरी बघते," आणि तिने टेप धरून हात आत घातला.

"हात काढ."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. इतक्या महिन्यांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. तो गोदामाच्या दारात उभा होता, लंगडत कधी आला देव जाणे. नात म्हणाली, "पप्पा, वायर काढलीय." तो म्हणाला, "हात काढ आधी. हलू नको, सरळ मागे घे." तिने हात काढला. मग त्याने सांगितलं की हे आत्ताच चालू केलं होतं. असल्या जुन्या काचेच्या पोटात वायर काढल्यावर पण करंट भरून राहतो, माणसाला भिंतीवर फेकील इतका. गाळेवाला म्हणाला, "हाँ भिया, वो तो मैं बोलने ही वाला था," आणि कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तो करंट आधी उतरवायला हवा होता, नाही तर मशीन आडवं करणं, उचलणं, सगळंच धोक्याचं. हे काम त्याने नोकरीत डोळे मिटून केलं असतं. आता तो तिथे उभा होता, उजवा हात खिशात, आणि डावा हात गाळेवाल्याच्या पेचकसाकडे जाऊन परत आला. मी बघितलं. नातीनेही बघितलं असणार. मग तो मुलीला म्हणाला, "तू कर. मी सांगतो." पेचकसाला वायरचा तुकडा बांधायला लावला, वायरचं दुसरं टोक आतल्या लोखंडाला. "एक हात पाठीमागे ठेव. चप्पल घातलीयस ना. आता त्या रबराच्या टोपीखाली हळूच घाल. हळू." मी देवीचं नाव घेत होते, देवासच्या टेकरीवरच्या दोघी देवींचं. आतून टच्च असा आवाज आला आणि निळी ठिणगी दिसली. नात दचकली पण पेचकस सोडला नाही. "अजून एकदा," तो म्हणाला. दुसऱ्यांदा काही झालं नाही. तो म्हणाला, "आता ते मेलं."

सगळे जरा हलले तेव्हा गाळेवाला त्याला म्हणाला, "भिया, तू तो इसी लाल वाले पे खेलता था ना?" माझा मुलगा देखण्या मशीनकडे बघत म्हणाला, "मैं कहाँ खेलता था. पैसे किसके पास थे. मैं तो खड़ा रहता था." आबा, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. त्याने दांडीला हात पण लावला नव्हता, आणि कान तुम्ही त्याचा धरलात. मलाही त्या दिवशी कळलं.

नातीने विचारलं, "पप्पा, तुम्हीच सांगा, कोणतं." मला वाटलं आता संपलं, तो लालच म्हणणार. त्याने दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "पत्र्याला घरी भोक पडत नाही. लाकूड घ्या," आणि वळून गाडीत जाऊन बसला. तो इंदूरवाला आला तेव्हा आमचं मशीन दोऱ्यांनी बांधून झालं होतं. मशीन चढवताना ड्रायव्हर, गाळेवाला, नात, सगळ्यांनी हात लावला. माझा मुलगा पुढच्या सीटवरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. परतीच्या वाटेवर नात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लाल मशीनचा फोटो काढून बघायची आणि मोबाइल उलटा ठेवायची. मी पण घाबरलेच होते. म्हटलं, मी हट्ट केला खरा, पण हा त्या कपाटासमोर उभाच राहिला नाही तर हे वर्ष माझ्या सागापायी जाईल.

पुढच्या शनिवारी ती आली. काच काढली, नवा टीव्ही बसवला, तो साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर बसवला. दांडीच्या फळीवरचा सनमायका उचकटून काढला आणि उजवीकडे नवं भोक पाडायला माप घेत बसली. मग थांबली. फळी हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, ही फळी उलटी होते." मला कळेना. तिने दाखवलं. फळी पालथी घातली की डावीकडचं भोक आपोआप उजवीकडे येतं, आणि लाकूड असल्यामुळे मागची बाजू पण पुढच्यासारखीच गुळगुळीत. लाल मशीनच्या पत्र्याला चारी बाजूंनी दुमड होती, तो कधी उलटा झाला नसता. ती जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागली. मग उठून तिने माझ्या गालाला गाल लावला, आणि आमचा अबोला मिटला.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण रविवारी सकाळी सगळे आपापल्या कामात होते आणि ती फळी माझ्यासमोर कोरडी पडलेली. मागची बाजू, कधी तेल न प्यायलेली, मातकट. तुम्ही म्हणायचात, नवं लाकूड घरात आलं की आधी त्याला तेल पाजायचं, मग देवाला दाखवायचं. मी अळशीचं तेल काढलं, जरा कोमट केलं आणि सुती फडक्याने फळीला पोटभर दिलं. दांडी आणि बटणं तिने आधीच बसवली होती, मी त्यांच्याभोवतीने नीट दिलं, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. लाकूड असं उजळलं की विचारू नका. मग हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. 

दुपारी नातीने चालू केलं. टीव्हीवर चित्र आलं, गाणं वाजलं. मुलगा खुर्चीवर बसला होता, हात खिशात. ती म्हणाली, "पप्पा, या ना." तो म्हणाला, "तू खेळ, मी बघतो." तिने बटण दाबलं. आत गेलं ते वर आलंच नाही. दुसरं दाबलं, तेही आत. दांडी उजवीकडे ढकलली तर चित्रातलं विमान उजवीकडे जाऊन भिंतीला चिकटून बसलं. तिने फळी उचलून खाली नाक लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आजी, तेल कोणी घातलं?"

"लाकडाला दिलं मी."

"कोणी सांगितलं होतं?"

"माझ्या आबांनी."

भोकांतून तेल खाली उतरून बटणांच्या टिकटिक करणाऱ्या डब्यांत गेलं होतं आणि डिंकासारखं झालं होतं. नव्या डब्या मागवायच्या तर आठवडा, आणि सोमवारी तिला इंदूरला जायचं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळ्यांवर हात ठेवला. मला तर जमीन फाटून आत जावंसं वाटलं. लाकूड मीच निवडलं आणि मीच बुडवलं.

तेव्हा तो उठला. म्हणाला, "पेचकस आण. बारीक. आणि थिनर." तो खाली सतरंजीवर बसला, फळी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने पहिला स्क्रू फिरवला. पण फळी सरकत होती. डावा हात फिरवणार, तर धरणार कोण. मी पुढे झाले तर नातीने माझं मनगट असं दाबलं की दुखलं. आम्ही दोघी बघत राहिलो. त्याने दोनदा फळी गुडघ्यांत धरून बघितली. शिवी हासडली. मग त्याचा उजवा हात खिशातून निघाला, फळीवर आला आणि तिथे पडून राहिला, नुसत्या वजनाने. स्क्रू निघाला. डबी तर सुपारीएवढी, ती धरल्याशिवाय उघडत नाही. ती त्याच्या उजव्या बोटांतून निसटायची, सतरंजीवर घरंगळायची, तो उचलायचा, परत निसटायची. त्याच्या कपाळावर घाम आला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कुणाचा तरी कुकर शिटी देत होता, आणि आमच्या खोलीत एवढा एकच आवाज, डबी पडल्याचा. मला वाटत होतं, आता भिरकावील, आता उठून जाईल. नाही उठला. शेवटी अंगठा आणि मधल्या बोटात ती अडकली. थरथरत होती, पण अडकली. त्याने ती उघडली, आतली इवलीशी पट्टी थिनरने पुसली, परत बंद केली आणि बोटाने दाबली. टिक झालं. त्याने नातीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. "पुढची दे," म्हणाला.

उन्हं उतरेपर्यंत चाललं ते. शेवटी फळी बसवून चाललंय का बघायला तोच उभा राहिला, दुसरा कोण बघणार, आणि बघायचं म्हणून दांडी उजव्या मुठीत धरली. विमान भिंतीपासून सुटलं.

हात बरा झाला असं मी लिहिणार नाही, आबा. चहाचा कप अजून डाव्यानेच धरतो, कुडत्याची बटणं सूनबाई लावते. पण संध्याकाळी तो मशीनसमोर उभा राहतो. सुरुवातीला दांडी धरण्यातच त्याचा सगळा जीव जायचा, बटणाकडे लक्ष राहायचं नाही, म्हणून बटणांवर मी. स्टुलावर बसते, तो म्हणतो, "मार," आणि मी मारते. चित्रातली विमानं कशी फुटतात, तुम्हाला सांगून कळणार नाही. पहिल्यांदा मी घाबरून सगळी बटणं एकदम दाबायची, आता नुसत्या एका बोटाने नेम लावते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काकू, आजकाल भजनाला येत नाही." मी म्हटलं, गुडघे दुखतात.

हे टपालात पडणार नाही, म्हणून शेवटचं सांगते. काल खेळता खेळता तो म्हणाला, "आई, सरक जरा. दोन्ही हातांनी मीच खेळून बघतो." ह्या एका वाक्यासाठी आम्ही सगळ्यांनी वर्ष काढलं. मी स्टुलावरून उठले नाही. त्याने परत म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं, "आई, ऐकू येतंय ना?" मी मग दचकल्यासारखं केलं आणि उठले. तो सूनबाईला सांगत होता, आईचे कान दाखवून आणायला हवेत. आबा, कान चांगले आहेत माझे. त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच मला ऐकू आलं होतं. पण समोर तीनच विमानं उरली होती, आणि ती मला मारायची होती.